गोधडीने गारा अडत नाहीत

मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका मराठी मित्राने ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. जानेवारीत भाव पडलेले असतात, त्यामुळे स्वारी खुशीत होती. पेढे झाले, फोटो झाले. मी विचारलं, "ठेवणार कुठे?"

"स्टोरेज लॉट बघितलाय ना. ओपन आहे, पण एकदम स्वस्त."

"आणि गारा?"

"अरे, इन्शुरन्स आहे की!"

हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकं फिरतं. कारण दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य, याच आवाजात, मी बोललो होतो. तेव्हा आजचा शनिवार या एका वाक्याच्या नावाने.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. काहींना स्वतःचं इंजिन असतं, आमच्यासारख्यांचा ट्रेलर ट्रकमागे ओढावा लागतो. आत पलंग, ओटा, संडास-बाथरूम सगळं. वर्षातले तीस दिवस त्यात हिंडायचं आणि उरलेले तीनशे पस्तीस दिवस तो कुठेतरी उभा करायचा. लोक त्या तीस दिवसांचा विचार करून गाडी घेतात. गाडीची वाट मात्र उरलेल्या दिवसांत लागते.

आम्ही राहतो डॅलसच्या उत्तरेला. पुण्यात गारा पडल्या की आपण वाटी घेऊन गच्चीत पळायचो. इथे गारांची मापं खेळाच्या सामानाच्या दुकानातून येतात. गोल्फ बॉल, टेनिस बॉल, बेसबॉल, सॉफ्टबॉल. ५ मे १९९५ ला फोर्ट वर्थमध्ये 'मेफेस्ट' चालू असताना सॉफ्टबॉलएवढ्या गारा पडल्या आणि शंभराहून जास्त माणसं जखमी झाली. एप्रिल २०२१ मध्ये टेक्सासमधल्याच होंडो गावाजवळ ६.४ इंच व्यासाची गार मिळाली. कोलोरॅडोत ८ मे २०१७ ला डेन्व्हरच्या पश्चिमेला एवढं झोडपलं की एक अख्खा मॉल कित्येक महिने बंद राहिला. दरवर्षी मार्च ते जून हा इथला ठरलेला मोसम. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस 'अचानक' आला म्हणून कोणी छत्री विसरल्याचं समर्थन करेल का? मग गारा 'अचानक' कशा?

ओक्लाहोमातल्या नॉर्मनचं वादळ अंदाज केंद्र काही दिवस आधीपासून धोक्याचे नकाशे काढतं. ज्या दिवशी वादळ यायचं त्या दिवशी तर गारांची शक्यता टक्क्यांत देतं. आणि आम्ही इंजिनियर लोक, दिवसभर दुसऱ्यांच्या सर्व्हरला बॅकअप आहे की नाही बघणारे, आमची हजारो डॉलरची वस्तू उघड्यावर ठेवून वर आभाळाकडे बघतो. वा!

तर माझं झालं असं. एप्रिलची संध्याकाळ. वादळाचा इशारा हवामानाच्या अ‍ॅपवर आला. फोन मात्र भोंग्यासारखा किंचाळला नाही. का ते नंतर कळलं: ऑगस्ट २०२१ पासून वादळाचा इशारा सगळ्यांच्या फोनवर आपोआप वाजतो तो गार २.७५ इंचांची, म्हणजे बेसबॉलएवढी, असेल किंवा वारा ताशी ८० मैलांचा असेल तेव्हाच. ट्रेलरचं छप्पर त्याच्या कितीतरी आधी फुटतं. फोन ओरडेल तेव्हा बघू, असं ठरवून बसलात तर बसूनच राहाल.

मी काय केलं? घरातल्या दोन रजया, एक जुनी गादी आणि आईने प्रेमाने पाठवलेली गोधडी घेऊन आठ मैलांवरच्या लॉटवर गेलो. शिडी लावली. गोधडी पसरली, रबरी दोऱ्यांनी बांधत होतो, तेवढ्यात वारा सुटला. गारांच्या आधी वारा येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं (आणि सांगायची गरजही नव्हती म्हणा). गोधडी पतंगासारखी गेली, ती शेजारच्या बोटीवर. पहिली गार खांद्यावर बसली तेव्हा शिडीवरून कसा उतरलो ते आठवत नाही. ट्रेलरमध्ये घुसलो. पत्र्याच्या डब्यात बसावं आणि बाहेरून कोणीतरी दगड मारावेत, तसे ते दहा मिनिटं. बाथरूमवरचं प्लॅस्टिकचं स्कायलाइट फुटून तुकडे आत आले. बायकोचे अकरा मिस्ड कॉल. घरी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "गाडीला इन्शुरन्स आहे. तुला किती आहे?"

हा झाला विनोदाचा भाग. आता हिशोब.

गारा गोल्फ बॉलएवढ्या, पावणेदोन इंचांच्या होत्या. एसीचं झाकण, दोन व्हेंट आणि स्कायलाइट फुटलं, बाजूच्या पत्र्याला पोचे पडले. इन्शुरन्सवाल्यांनी डिडक्टिबल कापून पैसे दिले, मी दुरुस्ती करून घेतली. मनात म्हटलं, बघा, इन्शुरन्स होता म्हणून! दुरुस्तीवाल्याने दिसत होतं तेवढं बदललं. छतावर चढून प्रत्येक सांधा हाताने तपासायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. एका कोपऱ्यात सांधा बुजवायच्या लुकणाला बारीक चीर गेली होती. चार महिने तिथून पाणी आत जात राहिलं. ट्रेलरचं छप्पर म्हणजे काय, तर पातळ प्लायवूड आणि त्यावर रबराचा पापुद्रा. ऑगस्टमध्ये बंक बेडपाशी भिंत फुगली, जमीन पायाखाली मऊ लागायला लागली. भिंत उघडली तर आतलं लाकूड काळं पडून भुसभुशीत झालेलं. मुलीने बंकच्या वर चिकटवलेले चांदण्यांचे स्टिकर ओल्या प्लायसकट गळून पडले होते.

पुन्हा क्लेम केला. उत्तर आलं: ही हळूहळू झालेली गळती आहे, देखभालीचा प्रश्न आहे, पॉलिसीत बसत नाही. राग आला, पण पॉलिसी वाचली तर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. १४,००० डॉलरला घेतलेला ट्रेलर २,५०० ला गेला. उघड्या जागेचं भाडं महिन्याला ६० डॉलर होतं, त्याच लॉटमध्ये छपराखालच्या जागेचं १३०. वर्षाचा फरक ८४० डॉलर. म्हणजे बुडालेल्या ११,५०० डॉलरमध्ये छपराखालच्या जागेचा फरक मी साडेतेरा वर्षं भरू शकलो असतो. निम्मा घसारा धरा हवं तर. तरी साडेसहा वर्षं होतात.

म्हणून माझं म्हणणं: इन्शुरन्स म्हणजे छप्पर नव्हे. तो फुटल्यानंतरचे पैसे देतो, तेही दिसेल तेवढ्याचे. फुटू न देणं हे त्याचं कामच नाही. बॅकअप आहे म्हणून कोणी सर्व्हर पावसात ठेवतं का?

"मग कव्हर घेऊ!" हे दुसरं लाडकं उत्तर. बाजारात मिळणारी आरव्हीची बहुतेक कव्हरं ऊन, धूळ आणि पक्ष्यांची घाण यांच्यासाठी असतात. चार थरांचं कापड म्हणजे चार पातळ कापडं. जरा गणित बघा. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं. पडण्याचा वेगही वाढतो, साधारण १.४ पट. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, म्हणजे आणखी दुप्पट. एकूण सोळापट! व्यासाचा चौथा घात. प्रोग्रॅमरला चौथा घात म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. हरभऱ्याएवढ्या गारांना पुरलेलं कव्हर गोल्फ बॉलला 'थोडं कमी' पुरेल हा भ्रम आहे. ते पुरणारच नाही.

गार अडवायची तर अडवणारी वस्तू छपरापासून लांब हवी. मध्ये मोकळी जागा हवी. हिमाचलात सफरचंदाच्या बागांवर जाळ्या ताणतात, इथले गाड्यांचे डीलर लॉटवर जाळ्या लावतात, त्याचं मर्म हेच. जाळी झोळीसारखी खाली दबते, गारेचा जोर त्या दबण्यात जिरतो, खालच्या वस्तूला ती शिवत नाही. छपराला चिकटून बसलेली गोधडी तो सगळा जोर खाली पोचवते, उडून गेली नाही तर.

"पण आमची एचओए ट्रेलर घरासमोर ठेवू देत नाही, शेड बांधू देत नाही." मान्य. आमचीही देत नाही. घरासमोर ट्रेलर दिसला तर कॉलनीची शोभा जाते म्हणे. गारांनी दर काही वर्षांनी अख्ख्या गल्लीची छपरं बदलावी लागतात, त्याने शोभा जात नाही! मी यावर दोन सभांमध्ये भांडलोय, आणि दोन्ही वेळा हरलोय. पण ही अडचण विकत घेण्याआधी माहीत असते. छपराचं भाडं हा आरव्हीच्या किमतीचाच भाग आहे. ते परवडत नसेल तर आरव्ही परवडत नाही, तेव्हा भाड्याने घ्या आणि मजेत हिंडा. हे कडू लागेल, पण ईएमआय बसतो म्हणजे वस्तू परवडते, या आपल्या पिढीच्या हिशोबातच खोट आहे.

स्वतःची जागा असेल तर लोखंडी कारपोर्ट बांधा, पण उंची एसीसकट मोजा आणि खांब जमिनीत नीट अँकर करा. नाहीतर वाऱ्यात तोच उडून ट्रेलरवर बसेल. छप्पर मिळेपर्यंत निदान उन्हाने ठिसूळ झालेली व्हेंटची झाकणं बदलून पॉलिकार्बोनेटची बसवा. मोसमाआधी छताचे फोटो काढून ठेवा. गारा पडल्या की आठवड्याच्या आत वर चढून प्रत्येक सांधा बघा, आणि पुढच्या पावसानंतर पुन्हा बघा. आणि वादळ सुरू झाल्यावर गाडी वाचवायला बाहेर पडू नका. ३० एप्रिल १८८८ ला मुरादाबादला गारांच्या एका वादळात २४६ माणसं गेली. ट्रेलर पुन्हा घेता येतो.

शेवटचं. आमच्या मामाची निफाडकडे द्राक्षबाग आहे. २०१४ च्या गारपिटीत त्याचं वर्षाचं पीक एका दुपारीत झोपलं होतं. माझी रडकथा मी त्याला फोनवर सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "सगळ्या बागेवर झाकण टाकायला पैसा नाही, म्हणून आम्ही आभाळाकडे बघतो. तुझ्याकडे पैसाही होता, छप्परही होतं. तू कशाला आभाळाकडे बघत बसला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

असो. मित्राला हे आजच पाठवतोय. त्याच्या लॉटमध्ये छपराखालच्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत, मी फोन करून विचारलंय. मार्चला सहा आठवडे उरलेत.