जुन्या मोटारींतील अल्टरनेटर : आधीं मोजा, मग बदला

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या वाड्यांत, गोठ्याशेजारच्या पत्र्याखालीं किंवा मळ्यांतील छपरांत एखादी जुनी मोटार अद्यापि उभी आहे. कोणाकडे वडिलांनीं घेतलेली अँबॅसडर आहे, कोणाकडे फियाट किंवा पद्मिनी, तर कोणाकडे उघडी जीप. अँबॅसडर मोटार बंगालमधील उत्तरपाडा येथें १९५८ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. पद्मिनी मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत निघे, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या टॅक्सींच्या रांगेंतूनहि तिनें निरोप घेतला. या गाड्या आतां नव्यानें मिळावयाच्या नाहींत. ज्यांच्यापाशीं त्या आहेत त्यांनीं त्या चालत्या स्थितींत राखाव्या, असें आमचें मत आहे. या कामीं जी अडचण वारंवार आड येते ती विजेची. सकाळीं स्टार्टर फिरवावा तों ‘टक्’ असा एक आवाज होऊन सर्व शांत. किंवा रात्रीं वाटेंत दिवे पिवळे पडत पडत विझूं लागतात.

अशा प्रसंगीं बहुधा काय घडतें तें सर्वांच्या परिचयाचें आहे. गॅरेजवाला बॅटरीकडे बोट दाखवितो व नवी बॅटरी बसते. गाडी आठ दिवस चालते आणि नवव्या दिवशीं मागचाच प्रकार. मग अल्टरनेटर बदलला जातो. अखेरीस निष्पन्न असें होतें कीं, इंजिन व चेसिस यांना जोडणारी वीतभर पट्टी गंजली होती, एवढाच काय तो दोष! हा खर्च कारागिराच्या लबाडीमुळेंच होतो असें आम्ही म्हणत नाहीं. तो मोजमाप न करण्याच्या संवयीमुळें होतो, आणि या संवयीला मालकहि तितकाच पोसतो. आमचें म्हणणें एका वाक्यांत सांगावयाचें तर असें : जो दोष मोजून दाखविलेला नाहीं, त्याच्या दुरुस्तीसाठीं कोणीहि पैसे देऊं नयेत.

शेतकऱ्याला ही गोष्ट नवी वाटूं नये. हौद रिकामा दिसला म्हणजे तो हौद फोडून कोणी नवा बांधीत नाहीं. पंप चालतो काय, पाट मध्येंच फुटला काय, किंवा रात्रीं कोणी पाटाचें दार उघडें टाकलें काय, हें आधीं पाहतो. मोटारींत बॅटरी हा हौद, अल्टरनेटर हा पंप आणि तारा हे पाट होत. या तिहींपैकीं दोष कोणाचा, हें ठरविण्याचें साधन म्हणजे मल्टिमीटर. तें लहानसें, स्वस्त यंत्र असून बैलाची किंमत माहीत असलेल्या कोणाहि गृहस्थास तें जड वाटणार नाहीं.

या पंपाची रचना थोडक्यांत सांगतों. फार जुन्या गाड्यांत अल्टरनेटर नसून डायनामो असे. इंजिन सावकाश चालत असतां त्याची वीज अगदींच अपुरी पडे. अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें १९६० च्या व्हॅलियंट मोटारींत अल्टरनेटर सरसकट बसविला, आणि पुढें सर्वत्र तोच रूढ झाला. त्याच्या आंत फिरणाऱ्या भागास दोन कार्बन ब्रशांवाटे थोडी वीज पुरवून चुंबक बनवितात. तो पट्ट्यानें फिरूं लागला म्हणजे भोंवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यांत उलटसुलट वाहणारी वीज उत्पन्न होते. डायोड नांवाचे झडपेसारखे भाग तिला एकाच दिशेस वाहावयास लावतात, आणि रेग्युलेटर तिचा दाब बेतांत ठेवतो. म्हणजे बिघडूं शकणारे भाग मोजकेच आहेत : पट्टा, ब्रश, डायोड, रेग्युलेटर, वेटोळीं, बेअरिंग आणि बाहेरील तारा.

आतां परीक्षेचा क्रम. प्रथम बॅटरी. गाडी कांहीं तास स्वस्थ उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांमधील दाब मोजावा. १२ व्होल्टी बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तो सुमारें १२.६ व्होल्ट दिसतो. १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्मी रिती झाली आहे, आणि १२ च्या खालीं गेला तर ती जवळजवळ रिकामी समजावी. रिकामी बॅटरी आधीं चार्जरवर भरून घ्यावी व मगच पुढील परीक्षा करावी. मेलेली बॅटरी जिवंत करणें हें अल्टरनेटरचें काम नव्हे. तसें काम लादल्यास तो तापतो व डायोड जळण्याचा संभव असतो. भरल्यावरहि बॅटरी एका रात्रींत उतरत असेल तर दोष तिच्यांत किंवा चोरट्या गळतींत आहे. तो प्रकार पुढें सांगतों.

दुसरें, डोळ्यांनीं व हातांनीं पाहावें. इंजिन बंद ठेवून पट्टा अंगठ्यानें दाबावा. लांब बाजूवर तो सुमारें अर्धा इंच दबला पाहिजे. सैल पट्टा घसरतो आणि दिवे लावतांच किंचाळतो. फार ताणलेला पट्टा बेअरिंग खातो. बॅटरीचीं टोकें पांढऱ्या-हिरव्या क्षारानें माखलीं असतील तर कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून धुवावीं. सोड्याचें पाणी बॅटरीच्या आंत मात्र जाऊं देऊं नये. इंजिनाची भूपट्टी घांसून स्वच्छ करावी. पावसाळ्यांत उभ्या राहिलेल्या गाडींत हीच पट्टी प्रथम गंजते, आणि धान्याच्या कोठाराजवळ ठेवलेल्या गाडींतील तारा उंदीर कुरतडतात, हें शेतकऱ्यानें तरी विसरूं नये.

तिसरें, तांबडा दिवा. किल्ली फिरवितांच चार्जिंगचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळींच लागत नसेल तर ‘बरें झालें, कांहीं दोष नाहीं’ असें समजण्याची चूक अनेकजण करतात. पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरला आरंभींची चेतना देणारी वीज याच दिव्यांतून जाते. तेव्हां दोन पैशांचा दिवा जळाल्यामुळें चांगला अल्टरनेटर स्वस्थ बसलेला असतो! दिवा चांगला असून लागत नसेल तर ती तार व झिजलेले ब्रश तपासावे.

चौथें, चालत्या इंजिनावरील दाब. इंजिन थोड्या वेगानें चालवून बॅटरीवर दाब मोजावा. तो साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट यावा, आणि मोठे दिवे लावल्यावर फारसा खालीं येऊं नये. दाब १२.५ च्या आसपासच राहिला तर बॅटरी भरत नाहीं. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बेताल झाला आहे. अशी गाडी चालवूं नये, कारण बॅटरीचें पाणी उकळून जातें व दिवे फुटतात.

पांचवी परीक्षा आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तीच सहसा कोणी करीत नाहीं. दिवे लावून, इंजिन चालू ठेवून, मीटरचें एक टोक अल्टरनेटरच्या जाड तारेच्या खिळ्यावर व दुसरें बॅटरीच्या धन टोंकावर ठेवावें. या दोहोंत अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक दिसला तर वीज तयार होते, पण वाटेंत हरवते. नंतर अल्टरनेटरचें अंग व बॅटरीचें ऋण टोंक यांमधील फरक पाहावा, तो ०.२ व्होल्टाच्या आंत असावा. जास्त निघाला तर भूपट्टीचा दोष. म्हणजे पंप चांगला आहे, पाट फुटला आहे. येथें अल्टरनेटर बदलणें म्हणजे फुटक्या पाटासाठीं नवा पंप घेणें होय.

पाटांत दोष न सांपडतां खुद्द अल्टरनेटरच्या खिळ्यावरच दाब कमी असेल, तरच त्याला खालीं उतरवावें. त्याआधीं मीटर उलटसुलट विजेच्या मापावर ठेवून बॅटरीवर पाहावें. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाखवीत असेल तर एखादा डायोड गेला आहे. असाच डायोड कित्येकदां रात्रभर बॅटरी रिती करतो. ती गळती मोजण्यासाठीं सर्व कांहीं बंद करून बॅटरीचें ऋण टोंक सोडावें व मध्यें मीटर अँपियरच्या मोठ्या मापावर जोडावा. जुन्या गाडींत ०.०५ अँपियरहून जास्त वीज वाहूं नये. मीटर असा जोडलेला असतां स्टार्टर मारूं नये. गळती दिसल्यास बॅटरी सोडून अल्टरनेटरची जाड तार काढून वेगळी ठेवावी व पुन्हां मोजावें. गळती थांबली तर चोर सांपडला.

उतरविलेला अल्टरनेटर टाकून देण्याची घाई करूं नये. ब्रश, बेअरिंग, डायोड व रेग्युलेटर हे भाग वेगळे मिळतात, आणि तालुक्याच्या गांवीं मोटार वाइंडिंग करणारे कारागीर वेटोळीं पुन्हां भरून देतात. जुन्या यंत्राचा मोठा गुण हाच कीं, तें उघडतां येतें.

कांहीं गोष्टी कटाक्षानें टाळाव्या. इंजिन चालू असतां बॅटरीचें टोंक काढून ‘चार्जिंग येतें काय’ हें पाहण्याची रीत डायनामोच्या काळापासून चालत आली आहे. अल्टरनेटरच्या गाडींत ती घातक आहे. दाब एकदम उसळून डायोड व रेग्युलेटर मरतात. बॅटरी उलटी जोडल्यास क्षणांत तेंच होतें. गाडीला वेल्डिंग करावयाचें असेल तर बॅटरी सोडल्याशिवाय तें करूं देऊं नये. बॅटरीजवळ विडी-काडी तर नकोच. तिच्यांतून निघणारा वायु पेट घेतो.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवावा काय, असा प्रश्न नेहमीं निघतो. आमचें मत असें कीं, जी गाडी रात्रींबेरात्रीं रस्त्यावर जाते तिला तो अवश्य बसवावा. एका जोडीच्या मोठ्या दिव्यांनाच नऊ-दहा अँपियर वीज लागते, आणि जुना डायनामो भर वेगांतहि सुमारें वीस-बावीस अँपियरच देई. मात्र जुन्या ब्रिटिश धर्तीच्या कित्येक गाड्यांत धन टोंक चेसिसला जोडलेलें असतें. तेथें जोडणी आधीं उलटवून घ्यावी लागते, आणि तारहि अधिक जाड घालावी लागते. याच्या उलट जी गाडी केवळ जतनासाठीं ठेवली आहे, तिचा डायनामो दुरुस्त करून तसाच राखावा. ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं वेगळ्या नोंदणीची सोय केली आहे. तेथें मूळ स्वरूप राखणें हेंच त्या गाडीचें मोल होय.

कोणी म्हणेल, शेतीच्या धबडग्यांत हा उद्योग करावयास वेळ कोणाला आहे? आम्ही उलट विचारतों : ऊस तोडणीच्या दिवसांत, बैलगाड्या व ट्रॉल्या यांनीं भरलेल्या रस्त्यावर, मध्यरात्रीं दिवे विझले तर त्याची किंमत कोण मोजणार? आजाऱ्याला घेऊन निघालेली जीप माळावर बंद पडली तर? वर सांगितलेल्या परीक्षांना एक तास पुरतो. शिवाय विनाकारण बदललेली प्रत्येक बॅटरी म्हणजे शिशाचा एक गोळा आहे. ती भंगारांत कोणाच्याहि हवालीं न करतां विक्रेत्याकडेच परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनीं ती परत घेऊन शास्त्रोक्त रीतीनें निकालांत काढण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. उघड्यावर वितळविलेलें शिसें शेवटीं आपल्याच विहिरीच्या पाण्यांत उतरतें.

यास्तव आमची सूचना अशी आहे. गांवोगांवच्या सोसायट्यांनीं एक मल्टिमीटर, एक बॅटरी चार्जर व आम्लाची घनता मोजण्याची एक नळी सामायिक घेऊन ठेवावी, आणि दोन तरुणांना तीं वापरावयास शिकवावें. हीच विद्या ट्रॅक्टरलाहि जशीच्या तशी लागू पडते. म्हणून ती केवळ हौशी लोकांची करमणूक समजूं नये. कारागिराला मालकानें आंकडा विचारावा, आणि आंकडा दाखविणाऱ्या कारागिराला त्याची मजुरी आनंदानें द्यावी. तसें झालें तर चांगले कारागीर टिकतील, जुन्या गाड्या चालतील, आणि शेतकऱ्याचा पैसा त्याच्या कनवटीस राहील.