ऑरेंज परगण्याचा कौल

रिचर्ड निक्सन यांची जन्मभूमी आणि रिपब्लिकन पक्षाची जणू वंशपरंपरागत जहागीर असलेल्या कॅलिफोर्नियातील ऑरेंज परगण्याने 1936 नंतर प्रथमच, 2016 साली, अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारास कौल दिला, तेव्हा त्यास मतपरिवर्तन म्हटले गेले. मला मात्र आशियाई व लॅटिन अमेरिकी वंशाच्या रहिवाशांमुळे पालटलेली मतदारयादी हेच त्याचे प्रमुख कारण वाटते. 2018 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहातील परगण्याचे सातही प्रतिनिधी डेमोक्रॅटिक निवडून आले, तेव्हा वाढीव मतदान त्या पक्षाच्या पथ्यावर पडते असा सिद्धान्तही घाईने मांडला गेला. पण 2020 मध्ये मतदान आणखी वाढूनही दोन जागा रिपब्लिकनांकडे परतल्या! आता मतपत्रिका टपालाने घरपोच येते, आणि वीजबिलांच्या गठ्ठ्याखाली दबलेला तो लखोटा सही होऊन परत जाईल की नाही, याचा अदमास पक्षांच्या कचेऱ्यांनाही लागत नाही.