अंग फुगवायचे की बळ वाढवायचे?

सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारात गठ्ठे वाहणारे हमाल पाहावेत. अंगाने सडपातळ, पण पाठीवर बोजा घेऊन गर्दीतून सफाईने वाट काढतात. उलट माझे काही मित्र दंड फुगविण्यासाठी डबाबंद भुकटीवर घरचा पैसा उधळतात. वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मी या व्यवहाराला तोट्याचाच म्हणेन.

सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्यपदक मिळविले. स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135 किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ अडीच पट!

हे कसे साधते? ताकद केवळ स्नायूंच्या आकारात नसते; मेंदू एका वेळी किती स्नायुतंतू कामाला लावतो, यावरही ती अवलंबून असते. म्हणून वजन भारी, आवर्तने 3 ते 5, मध्ये 3-4 मिनिटे विसावा, आणि पूर्ण थकण्यापूर्वी थांबणे. आहार गरजेपुरता ठेवावा म्हणजे अंग जड होत नाही. उड्या आणि धावणे चालू ठेवावे म्हणजे चपळाई टिकते. सुरुवात मात्र जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावी.

मित्रहो, आपल्या महाविद्यालयीन स्पर्धांत दंडाचा घेर पाहू नये. स्वतःच्या वजनाच्या किती पट भार उचलला, तेच मोजावे.