ओझं कुणाच्या पाठीवर?

एप्रिल उजाडला की पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतून हल्ली एक नवीनच लगीनघाई सुरू होते. परीक्षा आटोपलेल्या असतात, हिमालयातल्या ट्रेकचे पैसे भरून झालेले असतात आणि पलंगावर कपड्यांचा ढीग पडलेला असतो. आईला वाटतं, दोन स्वेटर जास्तीचे असू देत. आजी लाडवांचा डबा पुढे सरकवते. आणि वडील, संस्थेकडून आलेली यादी हातात घेऊन, एकेका वस्तूपुढे पेन्सिलीनं खूण करत बसतात. माझं उभं आयुष्य बँकेत खुणा करण्यात गेलं, त्यामुळे या कामाबद्दल मला आदरच आहे. पण खूण करणाऱ्याला वस्तूमागचं कारण ठाऊक नसेल तर त्या खुणेला फारसा अर्थ उरत नाही.

उदाहरणार्थ, 'सुती कपडे टाळावेत' ही सूचना. जवळजवळ प्रत्येक यादीत ती असते आणि जवळजवळ प्रत्येक सॅकमध्ये जीन्सची एक जोडी असतेच. यात मुलांचा दोष कमी, सह्याद्रीचा अधिक! राजमाचीला नाहीतर लोहगडाला आपण पावसात नखशिखांत भिजतो, कुडकुडत खाली येतो, गरम भजी खातो आणि सुकतो. चिंब जीन्सनं कुणाचं काही बिघडलं नाही, हा पिढीजात अनुभव घेऊनच मंडळी हिमालयात जातात. तिथे हिशेब निराळा असतो. आपल्याकडच्या अनेकांनी केलेला सार पासचा ट्रेक घ्या. कसोल साधारण सव्वापाच हजार फुटांवर, तर खिंड पावणेचौदा हजारांच्या आसपास. दर हजार मीटरमागे तापमान ढोबळमानानं साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे कसोलला दुपारी वीस अंशांत आपण टी-शर्टवर हिंडत असलो, तर त्याच वेळी वर तीन-चार अंश असणार, आणि वारा सुटला तर तेवढेही जाणवणार नाहीत. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी अधिक वेगानं शरीराची उष्णता ओढून नेतं, आणि सुती कापड तर पाणी धरून ठेवण्यात पटाईत. पाऊस लागलाच पाहिजे असंही नाही. चढणीवर आलेला स्वतःचा घामच पुरतो.

लोकरीचं तसं नाही. ती भिजली तरी बरीचशी ऊब राखते. हे शहाणपण आपल्याला परदेशी दुकानातून आणायची गरज नव्हती. मुसळधार पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे दिवसभर उभा राहणारा धनगर आपण सगळ्यांनीच पाहिलेला आहे.

आता त्या दोन जास्तीच्या स्वेटरांचं काय? एका जाडजूड कपड्यापेक्षा तीन पातळ थर बरे: अंगालगत घाम शोषून न ठेवणारा, त्यावर ऊब देणारा, सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारा. चढताना काढावेत, थांबलं की लगेच घालावेत. घाम येईपर्यंत जाड स्वेटर घालून चालणारा मुलगा मुक्कामाला पोचल्यावर सर्वांत आधी गारठतो. पिसांचं जाकीट हलकं आणि उबदार खरं, पण ओलं झालं की त्याचं पोतेरं होतं; म्हणून ते, कोरडे मोजे आणि रात्रीचे कपडे प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत बांधूनच सॅकमध्ये जावेत. सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नये. बूट नवे घेतलेच, तर महिनाभर आधी घालून रोज चालावं. बर्फावरून चालायचं असेल तर काळा चष्मा ही चैन नसून डोळ्यांची गरज आहे. बाकी यादीचं यादीनं पाहावं.

'अहो, पण बरोबर गाईड असतो ना!' हे वाक्य मी अनेक पालकांच्या तोंडून ऐकलं आहे. गाईड वाट दाखवतो, निर्णय घेतो, प्रसंगी जीवही वाचवतो. पण तो आपल्या वतीनं कोरडा राहू शकत नाही. २०२४च्या जूनमध्ये, ऐन ट्रेकिंगच्या हंगामात, उत्तराखंडातल्या सहस्रताल परिसरात बावीस जणांची तुकडी हिमवादळात सापडली. बहुतेक जण कर्नाटकातले होते, बरोबर स्थानिक वाटाडेही होते. नऊ जण दगावले. त्यांच्या सॅकमध्ये काय होतं नि काय नव्हतं यावर इथे घरात बसून बोलणं मला प्रशस्त वाटत नाही. जून महिना आणि सोबतीला वाटाड्या, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, इतकंच.

आणि याच सोबतीच्या भरवशावर एक दुसरी सोयही झाली आहे, जिच्याबद्दल घरांतून फारसं बोललं जात नाही. रोजचे काही रुपये जादा भरले की आपली सॅक खेचरावर किंवा पोर्टरच्या पाठीवर जाते. गुडघे दुखणाऱ्यानं ती जरूर घ्यावी. त्यात पोर्टरचीही रोजी आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. सॅक आपल्याला उचलायची नाही असं ठरलं की ती भरणाऱ्याचा हात सैल सुटतो. तिसरी जीन्स, जाडजूड कादंबरी (माझी असली तरी नको), शाम्पूची अख्खी बाटली, सगळं आत जातं. पेरूमधल्या इंका वाटेवर पुरुष पोर्टरच्या ओझ्याला कायद्यानं २० किलोंची मर्यादा घातलेली आहे. किलिमांजारोवर उद्यानाच्या फाटकापाशी पोर्टरांची ओझी वजनकाट्यावर चढतात. आपल्याकडे मात्र सॅक खेचरावर चढताना आपण बहुधा चहा घेत असतो.

त्या पोर्टरच्या पायांकडे कधी पाहिलंत? आपल्या पायांत काही हजारांचे बूट, आणि त्याच बर्फातून, आपलंच सामान घेऊन, तो पुष्कळदा साध्या रबरी बुटांनी चाललेला असतो. थंडी, ओल आणि विरळ हवा त्याला आपल्यापेक्षा कमी बाधते, ही आपली सोयीची समजूत. तो डोंगरातला असला तरी हाडामांसाचाच आहे.

तेव्हा वडीलधाऱ्यांनी पेन्सिल खाली ठेवून आधी फोन उचलावा. पैसे भरण्यापूर्वी संस्थेला विचारावं: पोर्टरच्या पाठीवर जास्तीत जास्त किती किलो देता? त्याला बूट, जाकीट, झोपायला तंबू कोण देतं? त्याचा विमा आहे का? तो आजारी पडला तर खाली कोण आणि कसं पोचवतं? विचारायला संकोच वाटू नये. कर्ज मागायला आलेल्याला बँक याहून खोदून खोदून विचारते. पलीकडचा माणूस उत्तर देताना अडखळला, तर सरळ दुसरी संस्था शोधावी. मे महिन्याला अजून अवकाश असतो.