छायाचित्रांवरून शिकलेला प्रशिक्षक

जोडीने करायच्या फिगर स्केटिंगमध्ये प्रशिक्षक हा बहुतेक वेळा त्याच प्रकारातला निवृत्त खेळाडू असतो, आणि त्याचे कारण खेळाच्या घडणीतच आहे. एकेरी स्केटर उडी मारतो तेव्हा तोल, वेग आणि वेळ यांचा हिशेब त्याच्या एकट्याच्या शरीरात जुळतो. जोडीत मात्र स्त्रीच्या उडीला पुरुषाच्या हातांचा जोर मिळतो, तो क्षणभर उशिरा मिळाला तरी उडीचा अक्ष कलतो, आणि नेमके कुठे बिनसले हे ज्याने असे झटके वर्षानुवर्षे स्वतःच्या खांद्यांवर घेतलेले असतात त्याला इतरांच्या आधी उमगते. सोव्हिएत संघाचे या प्रकारातील दीर्घ वर्चस्व अशाच हस्तांतरित ज्ञानावर उभे होते. लेनिनग्राडच्या तमारा मोस्कविना यांनी अलेक्सेई मिशिन यांच्यासह १९६९च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, त्यांचे प्रशिक्षक व पती इगोर मोस्कविन यांच्याकडील विद्या पुढे नेली, आणि १९८४ ते २००२ या काळात त्यांच्या हाताखालच्या चार जोड्यांनी ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली; त्यांतल्या पहिल्या जोडीतील ओलेग वासिलिएव्ह पुढे स्वतः प्रशिक्षक झाले आणि २००६मध्ये त्यांच्या शिष्यांनीही सुवर्णपदक पटकावले.

चीनचे याओ बिन या परंपरेच्या पूर्णपणे बाहेर होते. १९५७मध्ये जन्मलेल्या आणि हार्बिनसारख्या गोठवणाऱ्या थंडीच्या शहरात वाढलेल्या याओंना बर्फाची वाण नव्हती, परंतु जोडी प्रकार शिकवू शकेल असे मात्र कोणी नव्हते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बाहेरच्या क्रीडाजगताशी चीनचे संबंध जवळजवळ तुटलेले असल्याने याओ आणि त्यांच्या जोडीदार लुआन बो यांनी हा प्रकार मुख्यतः परदेशी जोड्यांची छायाचित्रे पाहून जमवला. छायाचित्रावरून काय शिकता येते आणि काय निसटते, याचा विचार येथे थोडा थांबून करायला हवा. ट्विस्ट लिफ्ट, म्हणजे पुरुषाने स्त्रीला डोक्यावर हवेत भिरकावून, तिने स्वतःभोवती गिरक्या घेतल्यावर तिला कमरेला धरून पुन्हा झेलणे, या क्रियेच्या छायाचित्रात आडवी तरंगणारी स्त्री आणि खाली उभारलेले दोन हात एवढेच दिसते; त्याआधी दोघांचे गुडघे किती वाकले, तिने बर्फावरून स्वतः किती रेटा घेतला, हात कमरेवरून कधी सुटले, हे त्यात नसते. डेथ स्पायरल या प्रकारात पुरुष एका जागी पाय रोवून बसल्यासारखा फिरतो आणि त्याने एका हाताने धरलेली स्त्री बर्फाला जवळजवळ टेकून त्याच्याभोवती वर्तुळ काढते. स्केटच्या पात्याला मध्ये खोलगट चर असल्याने आतली आणि बाहेरची अशा दोन धारा तयार होतात, आणि स्त्री कोणत्या धारेवर व कोणत्या दिशेला, पुढे की मागे, सरकते आहे यावरून या प्रकाराचे चार भेद पडतात. सपाट चित्रात हे भेद ओळखणे तज्ज्ञालाही जड जाते, मग नवशिक्याचे काय बोलावे.

या तयारीनिशी ही जोडी १९८०मध्ये डॉर्टमंडच्या जागतिक स्पर्धेत उतरली आणि शेवटची आली. प्रेक्षक हसले, आणि ते हसू आपण विसरलो नाही, असे याओंनी पुढे अनेकदा सांगितले. १९८४च्या साराएव्हो ऑलिंपिकमध्येही त्यांच्या वाट्याला तळाचाच क्रमांक आला. त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक लेखक या अपमानालाच पुढच्या यशाची प्रेरणा ठरवतात; हे सांगणे सोयीचे आहे, पण अपुरे आहे, कारण अपमानाने जिद्द पेटेल, ट्विस्ट लिफ्ट कशी करावी हे कळणार नाही. अधिक पटणारे कारण असे की, जे तंत्र इतरांना तयार मिळाले ते याओंना तुकड्यातुकड्याने शोधावे लागले आणि त्यामुळे प्रत्येक क्रिया सुटी करून पाहण्याची सवय त्यांच्या अंगवळणी पडली. लहान वयात मुले निवडून त्यांच्याकडून वर्षानुवर्षे सराव करून घेणारी चिनी सरकारी क्रीडाव्यवस्था पाठीशी नसती, तर मात्र ही सवय एका माणसाचा छंद होऊन राहिली असती.

पुढे प्रशिक्षक झालेल्या याओंची ही पद्धत १९९२मध्ये एकत्र आलेल्या शेन श्वे आणि झाओ होंगबो या त्यांच्या शिष्यांच्या जोडीत स्पष्ट दिसली. थ्रो जंप, म्हणजे पुरुषाच्या फेकीच्या बळावर स्त्रीने दूरवर उडी घेऊन एका पायावर उतरणे, हा त्यांचा हुकमी प्रकार होता. उंची व अंतर या दोन्ही बाबतींत त्यांच्या तोडीच्या जोड्या फार थोड्या होत्या. उणीव होती ती सादरीकरणात. जेथे परंपरा नाही तेथे ताकद सरावाने कमावता येते, पण संगीताशी नाते जोडायला वेगळे शिक्षण लागते, हे ओळखून कॅनडाच्या नृत्यरचनाकार लॉरी निकोल यांची मदत घेण्यात आली. २००२मध्ये नागानो येथे या जोडीने चीनला या प्रकारातले पहिले जागतिक विजेतेपद मिळवून दिले, आणि २००३मध्ये वॉशिंग्टनच्या जागतिक स्पर्धेत, शेन यांचा पाय दुखावलेला असताना, ‘तुरांदोत’ या ऑपेराच्या संगीतावरील त्यांच्या सादरीकरणाला काही परीक्षकांनी ६.० हे त्या काळचे पूर्ण गुण दिले. प्रशिक्षक म्हणून आपली मर्यादा मान्य करून बाहेरचा माणूस आणणे हा याओंच्या कारकिर्दीतला कदाचित सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

या पद्धतीची किंमतही नोंदवायला हवी. २००६च्या तोरिनो ऑलिंपिकमध्ये याओंच्या दुसऱ्या जोडीने, झांग दान आणि झांग हाओ यांनी, चार गिरक्यांच्या थ्रो साल्कोव या उडीचा प्रयत्न केला. झांग दान दोन्ही पाय फाकलेल्या अवस्थेत गुडघ्यांवर आदळून कठड्याकडे घसरत गेल्या, संगीत थांबले, आणि काही मिनिटांच्या उपचारानंतर त्यांनी उरलेला कार्यक्रम पुरा करून रौप्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत झाओ यांनी टाचेमागची कंडरा तुटल्यानंतर जेमतेम अर्ध्या वर्षात परतून शेन यांच्यासह कांस्यपदक जिंकले. जगभर या दोन्ही प्रसंगांकडे धैर्याचे नमुने म्हणून पाहिले गेले. तथापि दुखापत झालेल्या खेळाडूने उतरावे की नाही याचा निर्णय अशा व्यवस्थेत खरोखर कितपत खेळाडूचा असतो, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला.

२०१०मध्ये व्हँकुव्हरला, शेन ३१ आणि झाओ ३६ वर्षांचे असताना, त्यांनी २१६.५७ गुणांसह सुवर्णपदक जिंकले आणि १९६४पासून सलग १२ ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत व त्यानंतरच्या रशियन जोड्यांकडे (२००२मध्ये कॅनडाच्या जोडीसह विभागून) राहिलेले हे पद प्रथमच दुसरीकडे गेले. रौप्यपदकही याओंच्याच पांग चिंग आणि टोंग जियान यांना मिळाले. ज्या देशात या विषयाचा एकही शिक्षक नव्हता तेथे आता शिष्यांमधून शिक्षक तयार होऊ लागले: झाओ प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली सुई वेनजिंग व हान त्सोंग यांनी, २०१८चे सुवर्णपदक अवघ्या ०.४३ गुणाने हुकल्यानंतर, २०२२मध्ये बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये ते ०.६३ गुणाच्या फरकाने मिळवले.

सुई आणि हान २००७मध्ये हार्बिनला एकत्र आले, तेव्हा त्यांना घडवण्याचे काम लुआन बो यांच्याकडे होते. डॉर्टमंडला शेवटच्या क्रमांकावर आलेल्या जोडीतला दुसरा अर्धा भाग त्याच होत्या. याओंच्या चरित्रात त्यांचे नाव सहसा १९८०च्या परिच्छेदात एकदा येते आणि पुन्हा येत नाही. जोडी प्रकारातल्या चीनच्या दुसऱ्या ऑलिंपिक सुवर्णपदकाचा पाया ज्यांनी घातला त्यांच्याविषयी इतके कमी लिहिले जावे, ही या इतिहासलेखनाची ठळक उणीव आहे.