आमच्या मुलांचा थरारपट

पत्रकारिता आणि जनसंज्ञापन शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लघुपट करावा लागतो. त्यातले काहीजण मानसशास्त्रीय थरारपट करायचे म्हणतात, तेव्हा चळवळीतल्या ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या पडतात. वस्तीच्या प्रश्नांवर माहितीपट काढा, हे खूळ कशाला, असा सल्ला मिळतो. आम्हाला हा सल्ला मान्य नाही. तुंबलेली गटारे आणि मोर्चे एवढेच आमच्या मुलांनी दाखवायचे आणि माणसाच्या मनात शिरण्याचा मक्ता प्रस्थापितांकडे ठेवायचा, ही वाटणी केली कोणी?

पैशाची सबबही खरी नाही. ख्रिस्तोफर नोलन यांचा १९९७ चा 'डूडलबग' अवघा तीन मिनिटांचा आहे. एक कोंदट खोली, एक माणूस, त्याच्या हातात बूट आणि जमिनीवर पळणारे काहीतरी. बस्स!

आमची तक्रार वेगळी आहे. या मुलांच्या पटकथेत वेडा माणूस असतो, सुरा असतो, आरसा असतो आणि शेवटी सगळे स्वप्न निघते. हे उसने भय आहे. शिवाय मनोरुग्ण म्हणजे खुनी, हे हिचकॉकच्या 'सायको'पासून (१९६०) घट्ट झालेले समीकरण आम्ही का गिरवावे? जन्मावरून माणसांवर शिक्का मारणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजा-पणज्यांनी सोसले, त्यांनी आजारावरून कुणावर शिक्का मारू नये.

भय शोधायला आम्हाला परक्या दारात जाण्याची गरज नाही. बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा राहायला जागा मिळेना म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. वरच्या मजल्यावर ते एकटेच. बाजूच्या मोठ्या दालनात मोडक्या खुर्च्या, फळ्या, अडगळ. वीज नाही, रखवालदार आणून देई तो एक कंदील. अंधारात वटवाघळे फिरत. अकराव्या दिवशी जिन्यावर पावले वाजली आणि काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. कोलंबियात शिकून आलेला विद्वान, आणि रजिस्टरमधले खोटे नाव कधी उघडे पडेल या धास्तीत त्याच्या रात्री जातात! याहून मोठा थरार कोणता?

बाबासाहेबांचे पात्र उभे करा, असे आम्ही म्हणत नाही. ते पेलणारही नाही. पण शहरात भाड्याची खोली शोधणारी मुलगी घ्या. तिने घरमालकिणीला अर्धेच नाव सांगितले आहे. बाबांचा फोन आला की 'जय भीम' ती हळू आवाजात म्हणते. पोस्टमन पाकीट घेऊन येतो, त्यावर आडनाव आहे. मालकिणीचा चेहरा दाखवूच नका. तिच्या चपलांचा आवाज पुरे. ती दाराशी थांबली की प्रेक्षकाचा श्वास थांबला पाहिजे.

मार्गदर्शक प्राध्यापक म्हणतील, जात नको, सर्वांना भिडेल असे काहीतरी घ्या. त्यांना जॉर्डन पील यांचा 'गेट आउट' (२०१७) दाखवा. गोऱ्या प्रेयसीच्या घरी पाहुणा गेलेला काळा तरुण आणि त्या घरातले गोड बोलणे, एवढ्यावर तो चित्रपट अंगावर काटा आणतो. २०१८ साली त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळाले. वंशभेदाची गोष्ट जगाला भिडते, मग जातीची का भिडू नये?

आता हे लघुपट दाखवायचे कुठे? गुण मिळाले की ते पेन ड्राइव्हमध्ये पडून राहतात. विहार समित्यांनी जयंती सप्ताहातली एक संध्याकाळ त्यांना द्यावी. पडद्याला पांढरी चादर चालेल. आवाज मात्र नीट हवा, कारण थरारपटाचा निम्मा जीव आवाजात असतो. मिरवणुकीसाठी स्पीकरच्या भिंती उभ्या राहतातच. त्यातले दोन स्पीकर त्या संध्याकाळी विहारात आणून ठेवावेत.