कंकभटाची कैफियत

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ म्हणजे रंगपट चढवून उभा केलेला टिळकांच्या ‘केसरी’चा अग्रलेख होय, हे मत आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की, ते मांडणाऱ्यास पुरावा द्यावा लागत नाही आणि ऐकणाऱ्यास तो मागावासा वाटत नाही. विराटाचा मेहुणा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री झालेली द्रौपदी म्हणजे परदास्यात गांजलेली भारतमाता, कंकभट झालेला युधिष्ठिर म्हणजे नेमस्त आणि बल्लव झालेला भीम म्हणजे जहाल, एवढी वाटणी करून दिली की रसग्रहण संपले. या मताचे पुरस्कर्ते दोन जातींचे आहेत. एक भक्त, ते म्हणतात, अग्रलेख आहे, म्हणूनच नाटक थोर आहे. दुसरे कलावादी; ते म्हणतात, अग्रलेख आहे, म्हणूनच ते नाटक नव्हे. निकाल परस्परविरुद्ध असले तरी गृहीत एकच, आणि माझा आक्षेप आहे तो या गृहीतावर.

ही वाटणी प्रथम इतक्या नेटकेपणाने कोणी मांडली, हे पाहण्याजोगे आहे. 1907 साली महाराष्ट्र नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. 1910 च्या आरंभी सरकारने त्यावर बंदी घातली. आणि त्याच वर्षी लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी हिंदुस्थानातील असंतोषावरील आपल्या पुस्तकात, टिळकांना त्या असंतोषाचे जनक ठरविता ठरविता, याच नाटकाचे सविस्तर वर्णन करून कोणते पात्र कोणाचे सोंग आहे हे इंग्रज वाचकांस समजावून सांगितले. मनाईहुकमाचे समर्थन करावयाचे तर नाटकाचा अर्थ एकच असावा लागतो आणि तो निःसंदिग्ध असावा लागतो. फिर्यादी पक्षाची ती गरजच असते. ती गरज भागविण्यासाठी लिहिलेली फिर्याद आपण पाठ केली, आणि पुढे स्वराज्य आल्यावर तिलाच गौरवलेख समजून पाठ्यपुस्तकांत घातले!

याचा अर्थ नाटकात राजकारण नाही, असे मी म्हणत नाही; तसे म्हणणारा सत्याचा अपलाप करील. खाडिलकर हे टिळकांच्या अगदी निकटच्या मंडळींपैकी; टिळक 1908 साली मंडालेस गेल्यावर ‘केसरी’ची धुरा काही काळ त्यांच्याच खांद्यावर होती; त्याआधी कौलांच्या कारखान्याच्या आडून शस्त्रास्त्रांची काही तजवीज होते का, हे पाहण्यासाठी ते नेपाळात जाऊन राहिले होते. अशा माणसाने विराटपर्व उघडले ते केवळ पुण्यसंचयासाठी नव्हे, हे शेंबडे पोरही सांगेल. परंतु कर्त्याचा हेतू आणि कृतीचे स्वरूप या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि पहिली सिद्ध झाली म्हणजे दुसरी आपोआप सिद्ध होते, हे तर्कशास्त्र न्यायालयात खपले तरी रसशास्त्रात खपू नये.

या ठिकाणी भक्तमंडळी फ्रान्सचा दाखला पुढे करतात. बोमार्शेने नाटक लिहिले आणि बॅस्तिय कोसळली. तसेच खाडिलकरांनी लिहिले आणि साम्राज्य हादरले! दाखला मोठा, पण तो ज्यांनी दिला त्यांनी बोमार्शेचे चरित्र वाचलेले दिसत नाही. घड्याळजीचा हा मुलगा 1732 साली पॅरिसमध्ये जन्मला, स्वतः घड्याळाच्या यंत्रात सुधारणा करून राजदरबारी शिरला, पंधराव्या लुईच्या कन्यांना हार्प शिकविता झाला, आणि पुढे एका न्यायाधीशाविरुद्धच्या प्रकरणात स्वतःच्या कैफियती छापून त्याने सगळ्या राजधानीला हसविले. ‘फिगारोचे लग्न’ सोळाव्या लुईने वाचून घेतले, संतापला, आणि प्रयोगाला मनाई केली. ती मनाई उठविण्यासाठी खटपट केली ती कोणी? सरदारदरकदारांनीच, आणि 27 एप्रिल 1784 रोजी पहिला प्रयोग झाला तेव्हा नोकर आपल्या धन्याला उद्देशून स्वगतात, तू जन्म घेण्यापलीकडे काय श्रम केलेस, अशा अर्थाचे बोलतो, त्या भाषणाला टाळ्या वाजविणाऱ्यांत तेच धनी अग्रभागी होते. पुढे क्रांती झाली, आणि ज्याच्या नाटकाने ती झाली असे आपण म्हणतो त्याला 1792 च्या ऑगस्टात क्रांतिकारकांनीच तुरुंगात टाकले. सप्टेंबरातील कत्तलीपूर्वी काही दिवस तो सुटला म्हणून वाचला. काही काळ तो हॅम्बुर्गात निर्वासिताचे जिणे जगला आणि 1799 साली पॅरिसमध्येच वारला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याला सुतार ठरविता येत नाही. (नाटककारांना आपल्या लेखनावर हक्क मिळावा म्हणून 1777 साली त्याने त्यांचा संघ उभारला, आणि 1791 साली तो हक्क कायद्याने मान्य झाला, हे त्याचे निर्विवाद कार्य मात्र आपल्या वक्त्यांच्या तोंडी कधी येत नाही, त्यात धूर नाही ना!)

हीच काकतालीय विचारसरणी तेव्हाच्या इंग्रज सरकारनेही स्वीकारली होती. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ‘कीचकवधा’चे तोंड बंद झाले. आता गंमत अशी की, त्या रात्री विजयानंदात नाटक होते ते देवलांचे ‘शारदा’, म्हणजे म्हाताऱ्या नवरदेवाच्या गळ्यात पडू घातलेल्या एका मुलीची करुण कथा. रंगमंचावरील शब्दाने प्रेक्षागृहातील पिस्तूल उडते हा सिद्धांत खरा असेल, तर सरकारने बंदी घालावयास हवी होती ती ‘शारदे’वर! 

तेव्हा नाटकाचे बळ त्याच्या परिणामात शोधावयाचे नाही आणि पात्रांच्या वाटणीतही नाही. ते आहे पांडवांच्या अज्ञातवासात. मूळ विराटपर्वातील एक जागा मला या संदर्भात फार बोलकी वाटते. भरसभेत कीचक द्रौपदीला लाथ मारतो. विराट राजा पाहत बसतो. ज्याच्या तलवारीवर आपले सिंहासन टेकले आहे त्या मेहुण्याला तो काय बोलणार? आचारी म्हणून राहिलेला भीम दात खातो आणि जवळच्या एका मोठ्या वृक्षाकडे पाहू लागतो. तेवढ्यात द्यूतपटू कंक होऊन बसलेला युधिष्ठिर त्याला सहज स्वरात सांगतो की, बल्लवा, तुला सरपण पाहिजे असेल तर बाहेरची झाडे पाहा. सभेच्या कानी पडते ती आचाऱ्याला दिलेली सूचना. भीमाच्या कानी पडते ती राजाज्ञा. आणि श्रोत्याच्या कानी दोन्ही पडतात. अज्ञातवास उघडकीस आला तर पुन्हा बारा वर्षे वनवास, आणि वर एक वर्ष अज्ञातवास. पत्नीची विटंबना सहन करावी तर पुरुषार्थ बुडतो, सहन न करावी तर सर्वांचे राज्य बुडते. ही गाठ कर्झनने घातलेली नाही, आणि कर्झन बोट चढून विलायतेला गेल्याने ती सुटतही नाही.

कायद्याचा आरोप असा होता की, नाटककाराने आपला अर्थ पुराणाच्या बुरख्याआड लपविला. पण ज्या कथेतील प्रत्येक सज्जन पात्र बुरख्याआड आहे, जिथे राजा भट झाला आहे, योद्धा आचारी झाला आहे, राणी दासी झाली आहे, आणि प्रत्येकाला खोट्या नावाने खरे बोलावे लागते, त्या कथेत बुरखा हे साधन राहत नाही, तोच विषय होतो. पराधीन माणसाची वाणी कशी द्व्यर्थी होते, हे खाडिलकरांनी ‘केसरी’त लिहिताना अनुभवले होते. त्या अनुभवाला रूप देण्यास विराटनगरीइतकी अनुरूप जागा दुसरी नव्हती. म्हणून नाटकाचा कस बल्लवाच्या गर्जनेवर लागत नाही, तो लागतो कंकभटावर. कंकभट भ्याड ठरला की बल्लवाचे शौर्य स्वस्त होते. त्याच्या संयमात तथ्य असेल तरच तो संयम मोडण्याला काही किंमत.

राहिला एक आरोप, तो त्रोटकपणे निकालात काढतो. बंदीनंतर खाडिलकर भ्याले आणि संगीताच्या कुशीत शिरले, असे म्हणतात. ‘मानापमान’ 1911 चे, ‘विद्याहरण’ 1913 चे, ‘स्वयंवर’ 1916 चे, हे खरे. पण धैर्यधर नावाच्या निर्धन शिपायाला धनिकाच्या घरी नाकारले जाते आणि शेवटी तोच वरला जातो, हे कथानक भ्यालेल्या माणसाचे वाटत असेल तर वाटो. आणि ‘नवाकाळ’ काढून 1929 साली राजद्रोहाच्या खटल्यात कारावास पत्करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला भित्रा म्हणण्याचे धैर्य ज्यांच्याजवळ आहे, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आमच्या श्रीरामपुरात हा विषय काढला की, ते पुण्यामुंबईचे वैभव, आपल्याला त्याचे काय, असा सूर लागतो. मला याच्या उलट वाटते. बेलापूर रोड स्टेशनाच्या कडेने वाढलेल्या, प्रवरेच्या पाटपाण्यावर आणि हरिगाव-टिळकनगरच्या साखर कारखान्यांवर पोसलेल्या या गावाला 1907 च्या प्रयोगांची ऐकीव आठवण नाही, हा तोटा नसून सोय आहे. येथे नाटक नाटक म्हणून पाहता येईल. शिवाय ऊस शेतात उभा आहे, पाण्याची पाळी चार दिवसांवर आली आहे, आणि पाटकरी चारचौघांत वाटेल ते बोलून गेला आहे, अशा वेळी ओठ आवळून बांधावर उभा राहिलेला शेतकरी या तालुक्यात नवखा नाही. तो कंकभटाला नेमस्त म्हणून हसणार नाही.

म्हणून येथील एखाद्या हौशी संघाने ‘कीचकवध’ हाती घेतलेच, तर माझी सूचना एवढीच की, कीचकाला साहेबी थाट देण्याचा मोह टाळावा, सैरंध्रीला तिरंगी काठाचे लुगडे नेसवू नये, आणि संघातील सर्वांत कसलेला नट बल्लवाला न देता कंकभटाला द्यावा. प्रेक्षक आधीच बल्लवाच्या बाजूला असतात; त्यांना तिथून अर्ध्या वाटेवर तरी ओढून आणणारा नट हवा, आणि बल्लवाचे काम करणाऱ्याची छाती मग आपोआप फुगेल.